चिखलदरा-मुक्तागिरी-नरनाळा: चार दिवसांचा बेत आणि शनिवारचा ऑरेंज अलर्ट

पाठीवर_घर (आर्वी) · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत आम्ही चौघं पाठीवर सॅक घेऊन निघणार आहोत. गाडी न्यायची नाही, सगळं एसटीने आणि पायी. बेत असा:

शुक्रवार: आर्वी-तळेगाव-तिवसा-अमरावती-परतवाडा, तिथून मुक्तागिरी, मुक्काम धर्मशाळेत. शनिवार: परत परतवाड्याला येऊन चिखलदरा, भीमकुंड आणि देवी पॉइंट, मुक्काम वरच. रविवार: दिवसभर गाविलगड, संध्याकाळी खाली परतवाडा. सोमवार: परतवाडा-अंजनगाव-अकोट-शहानूर, नरनाळा बघून रात्री अकोल्याहून रेल्वेने परत.

आता अडचण. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने शनिवारसाठी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांना ऑरेंज अलर्ट दिलाय. शुक्रवार आणि रविवार यलो आहे. त्यातच दोन दिवसांपासून इकडे झड, म्हणजे न थांबणारा संततधार पाऊस, लागलेली आहे.

चौघांपैकी दोघं पहिल्यांदाच डोंगरात येताहेत. प्रत्येकाच्या पाठीवर ११-१२ किलो, त्यात दोन तंबू आणि गॅसची छोटी शेगडी. रजा शुक्रवार ते सोमवार मंजूर आहे, मंगळवार मागता येईल.

बेत रद्द करावा, की फिरवून घ्यावा? फिरवायचा तर यातलं सगळ्यात आधी काय गळेल? आणि एवढ्या पावसात सामानातलं काय काढावं, काय घालावं?

ढगांची_नोंद · मंगळवार, रात्री १०.२५

आधी अलर्ट नीट वाचून घ्या, कारण बहुतेक बेत तिथेच चुकतात.

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे ‘शनिवार ऑरेंज’ हा इशारा रविवारी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो. तुम्ही रविवारी पहाटे सहाला यलो समजून निघालात, तर प्रत्यक्षात अजून ऑरेंजच्या खिडकीत आहात. बातम्यांतल्या आकड्याचंही तसंच. शनिवारी सकाळी ‘चिखलदऱ्यात इतके मिलिमीटर’ असं जाहीर होतं तो पाऊस मुख्यतः शुक्रवारचा असतो. शनिवारचा आकडा रविवारी कळतो, तोवर नाले भरून गेलेले असतात.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. ऑरेंजचा अर्थ ‘तयार राहा’ एवढाच आहे, तो बंदीचा हुकूम नव्हे. पण रंगाखालचा मजकूर वाचाच. कधी ऑरेंज पावसासाठी असतो, कधी विजा आणि वाऱ्यासाठी, आणि दोन्हींत करायच्या गोष्टी वेगळ्या. शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याला दिलेला असतो. अमरावती जिल्ह्यात धारणीही येते आणि धामणगाव रेल्वेही. पट्टा एकच असला तरी सातपुड्याच्या चढावर ढग अडतात आणि सपाटीच्या मानाने तिथे जास्त ओततात.

आता खरा प्रश्न: पट्टा जातो कुठून? उपसागरातून येणारी ही कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि सर्वात जास्त पाऊस त्यांच्या केंद्राच्या नैऋत्य बाजूला पडतो. केंद्र मध्य प्रदेशात जबलपूर-बैतूलच्या अंगाने गेलं तर नैऋत्येला नेमका मेळघाट येतो. तेच केंद्र खालून, दक्षिण छत्तीसगडकडून आलं तर मार गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे बसतो आणि तुम्हाला नुसती रिपरिप. गुरुवारी दुपारचं बुलेटिन बघा, तोवर मार्ग बराच स्पष्ट होतो. आज मंगळवारी रद्द करायची घाई करू नका आणि ‘जायचंच’ असंही ठरवू नका. गुरुवार दुपार ही निर्णयाची वेळ म्हणून चौघांनी आत्ताच मान्य करून टाका.

एक गोष्ट तुमच्या विरोधात आहे, ती म्हणजे झड. जमीन कोरडी असताना ५० मिमी पाऊस बराचसा मुरतो. झडीने माती तुडुंब झाली की पुढचे ३० मिमीसुद्धा सरळ नाल्यात उतरतात. म्हणून ‘मागच्या वर्षी एवढ्या पावसात गेलो होतो, काही झालं नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याआधीचे चार दिवस कोरडे होते का, ते विचारा.

निघाल्यावर मोबाइलवर तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि नागपूरचं रडार बघता येईल. रडारवर पूर्ण भिस्त ठेवू नका. नागपूरपासून चिखलदरा लांब आहे, तिथे पोहोचेपर्यंत रडारचा किरण जमिनीपासून बराच उंच गेलेला असतो आणि डोंगराला चिकटलेला बुटका पाऊस त्यात कमी दिसतो. चित्रात हिरवं आणि डोक्यावर धो धो, असं होतं. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं आहे.

सपन_काठ · बुधवार, सकाळी ७.१०

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त रस्त्यांबद्दल लिहितो, कारण तुमचा बेत पावसाने बिघडण्याआधी रस्त्याने बिघडेल.

सगळ्यात आधी गळणार तो सोमवार, म्हणजे नरनाळा. नकाशा उघडा आणि परतवाडा-अंजनगाव-अकोट रस्ता बघा. तो सातपुड्याच्या पायथ्याला समांतर जातो. डोंगरातून दक्षिणेला उतरणारं सगळं पाणी, सपन असो, चंद्रभागा असो, शहानूर असो, मधले बिननावाचे नाले असोत, त्या रस्त्याला आडवं येतं. मोठ्या नद्यांवर पूल आहेत, पण पायथ्याकडच्या गावांना जाणाऱ्या फाट्यांवर ठेंगणे पूल आणि रपटे (नाल्याच्या पात्रातूनच नेलेला काँक्रीटचा रस्ता) आहेत. अकोटहून शहानूर हा असाच पायथ्याकडे जाणारा शेवटचा तुकडा. एकाच रपट्यावर पाणी आलं की गडाच्या पायथ्याशी पोहोचूनही परत फिरावं लागतं, किंवा त्याहून वाईट, पलीकडे अडकावं लागतं. त्यात गड अभयारण्यात आहे, शहानूरच्या गेटवर वनखात्याची नोंद आणि शुल्क लागतं, आणि पावसात आत सोडायचं की नाही हे तेच ठरवतात. एवढ्या जर-तरवर प्रवासाचा शेवटचा दिवस टांगू नका. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा घाईत बघायचा नसतोच. तो हिवाळ्यासाठी ठेवा.

पश्चिमेकडे जायचंच असेल तर पायथ्याचा रस्ता सोडून खाली उतरा: परतवाडा-अमरावती-बडनेरा आणि पुढे रेल्वेने मूर्तिजापूर-अकोला-शेगाव. अंतर जास्त पडतं, पण दहा नाले ओलांडण्याऐवजी मोठ्या पुलांवरून जाता. परतवाडा-अमरावती रस्त्यावर आसेगावला पूर्णा लागते, तेवढी निघण्यापूर्वी विचारून घ्या. आर्वीकडून येताना वर्धा नदी लागते आणि वरच्या अंगाला सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे. त्याची १३ दारं आहेत. किती दारं किती सेंटिमीटर उघडली याची माहिती त्या दिवशी प्रशासन देतं. तिवशाकडून जाणारा महामार्ग धरा, नदीकाठचे आतले रस्ते टाळा.

चिखलदऱ्याला चढायला परतवाड्याहून दोन वाटा आहेत: एक धामणगाव गढी-मोथा, दुसरी घटांगवरून. एक बंद पडली तर दुसरी चालू असू शकते, म्हणून दोन्हींची चौकशी करा. दरड येण्याआधी घाट खुणा देतो. कोरड्या भिंतीतून अचानक गढूळ पाणी झिरपायला लागतं, रस्त्यावर ताजे छोटे दगड सांडलेले दिसतात, कडेची झाडं रस्त्याकडे कललेली असतात. बसमध्ये असाल तर चालकाला दिसतंच. पायी असाल तर अशा वळणावर फोटोला थांबू नका. आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे शनिवार-रविवार आला की वर गाड्यांची रांग लागते. पाऊस, धुकं आणि कोंडी एकत्र आली की तासाभराच्या घाटाला तीन तास धरा.

आता रपटा, कारण दोघं नवीन आहेत.

लहान नाल्याचं पाणलोट लहान आणि उताराचं असतं. पाऊस थांबला की दोन-चार तासांत पाणी उतरतं. म्हणजे नाल्यापाशी करायचं काम एकच: थांबणं. पाणी चढतंय की उतरतंय हे कसं ओळखायचं? पाण्याच्या काठावर, अगदी रेषेवर, एक काडी रोवा आणि पंधरा मिनिटं बघा. काडी पाण्यात गेली तर चढतंय. काडी कोरडी पडून काठाच्या गवतावर चिखलाचा ओला पट्टा दिसू लागला तर उतरतंय. आणखी खुणा: नितळ पाणी एकदम चहासारखं झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून यायला लागला, किंवा तळातून दगड गडगडल्याचा आवाज आला, तर तुमच्याकडे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालाय आणि लोंढा येतोय. मागे या आणि उंचावर बसा.

किती पाण्यातून जायचं? तळ दिसत असेल आणि पाणी घोट्यापर्यंत असेल तर. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी माणसाचा पाय उचलतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी कार तरंगायला लागते, आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्यांना ढकलून नेतं. गढूळ पाण्याखाली रपट्याचा काँक्रीट शाबूत आहे की खचलाय हे दिसत नाही, म्हणून गढूळ पाणी खोल नसलं तरी सोडा. घोटाभर पाण्यातून जातानाही बूट पायातच ठेवा, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पाय निसटला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. दोरी माणसाच्या अंगाला बांधून नाला ओलांडणं कुठल्याही परिस्थितीत नको. माणूस पडला की ताणलेली दोरीच त्याला पाण्याखाली दाबून धरते.

खरपी_फाटा · बुधवार, सकाळी ९.०५

भाऊ, मुक्तागिरीचं सांगतो. परतवाड्यावरून खरपी आणि मंग आत. जागा बैतूल जिल्ह्यात येते, म्हणजे मध्य प्रदेशात, म्हून महाराष्ट्राच्या अलर्टसंगं बैतूलचाही अलर्ट पाहून घ्या. ५२ मंदिरं डोंगराच्या अंगावर हायेत आणि मधातूनच धबधबा पडते. दगडी पायऱ्यायवर शेवाळ धरते. चढतानी काही होत नाही, उतरतानी पाय घसरते. हातात काठी ठेवा, पाय आडवा टाका. धबधब्याच्या कुंडाजवळ जाऊ नका, वरतून पाण्यासंगं दगडं येतेत. जैन क्षेत्र हाये, जेवण दिवस मावळायच्या आत होते, कांदा-लसूण घालेल डबा आत नेऊ नका.

एसटीचं एक ध्यानात ठेवा. झड लागली का खेड्यातल्या मुक्कामी गाड्या पयले बंद होतेत. रात्रभर तिकडं थांबून सकाळी रपटा ओलांडून याव लागते, म्हून डेपो गाडी पाठवतच नाही. चौकशी खिडकीवर ‘गाडी गेली का’ इचारू नका, ‘गाडी परत आली का’ असं इचारा. परत आली असन तं रस्ता चालू हाये. काळीपिवळीवाला (शिटावर चालणारी जीप) ‘चला, जाते’ म्हणन, पण तो रपट्याजवळ आणून सोडन आणि म्हणन आता पायी जा. त्याच्या भरोशावर शेवटची एसटी सोडू नका.

गावात कोणाले इचाराचं तं पोलीस पाटलाले नाही तं कोतवालाले इचारा. नाल्याले किती पाणी हाये हे तहसीलात कळवाचं कामच त्यायचं असते.

सुकी_सॅक · बुधवार, दुपारी १.३०

सामानाचं मी बघतो.

तंबू घरी ठेवा, दोन्ही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय उघड्यावर मुक्काम करता येत नाही, गाभा क्षेत्राचा तर प्रश्नच नाही. हद्दीबाहेर शेताच्या कडेला लावायचा म्हटलं तर काळी माती भिजल्यावर लोण्यासारखी होते, त्यात तंबूचा खिळा धरत नाही. तुमचे तिन्ही मुक्काम छपराखालीच आहेत. दोन तंबू गेले की चौघांच्या पाठीवरचा मिळून पाच-सहा किलो भार जातो. गॅसची शेगडी आणि डबाही ठेवा. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, आणि तुमच्या बेतात रेल्वे आहे.

सॅक बाहेरून झाकणारं कव्हर पुरत नाही. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांच्या शिवणीतून आत झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. आतून पन्नी लावा. खताच्या नव्या पोत्याच्या आत असते तशी जाड, सॅकपेक्षा हातभर लांब, आणि पूर्ण कोरी. वापरलेली खताची पन्नी कितीही धुतली तरी कपड्यांना लागते. सगळं सामान त्यात भरून हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा आणि नाड्याने बांधा. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड त्याच्याही आत वेगळ्या पन्नीत. हा जोड रात्रीखेरीज उघडायचा नाही, कितीही भिजलात तरी. सकाळी पुन्हा ओलेच मोजे घालायचे. जिवावर येतं, पण दहा मिनिटांत पाय गरम होतात. कोरडे मोजे सकाळी घातले तर दहाव्या मिनिटाला तेही भिजतात आणि रात्री पायाला काही उरत नाही.

जीन्स नको. चिखलदऱ्याच्या धुक्यात जाड सुती कापड चार दिवस वाळत नाही आणि ओली जीन्स मांड्या सोलते. नायलॉन-पॉलिस्टरची हलकी पँट, दोन टी-शर्ट, वर एक लोकरी किंवा फ्लीस. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे, ओल्या अंगाला वारा लागला की ऑगस्टमध्येही हुडहुडी भरते. पाँचो घाटवाटेवर बरा, सॅकसकट झाकतो. पण गडाच्या तटावर वारा भरला की त्याचं शीड होतं, तिथे रेनकोट. वारा नसताना साधी काळी छत्री सर्वात सुखाची, कारण आत घाम साचत नाही.

बुटांबद्दल: ‘वॉटरप्रूफ’ बुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही. जाळीचे, पाणी गळून जाणारे, तळाला खोल खाचा असलेले बूट घ्या. पांधणीने (शेतातल्या कच्च्या गाडीवाटेने) जायची वेळ आली तर काळी माती एकेका बुटाला किलो-किलोने चिकटते, चालण्याचा वेग निम्म्यावर येतो. त्यामुळे अंतर मोजताना पांधण दुप्पट धरा, मुरमाचा रस्ता आहे तेवढाच.

चार दिवस ओले पाय म्हणजे चिखल्या ठरलेल्या. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कापडाने एक-एक करून कोरड्या करा. मग तासभर उघडे ठेवा. झोपताना बुरशीनाशक पावडर, सकाळी निघताना तळव्याला आणि बेचक्यांत खोबरेल किंवा व्हॅसलिनचा जाड हात. रात्री तेल आणि सकाळी पावडर असं उलटं करू नका, ओल्या मोज्यात पावडरचा लगदा होऊन तोच घासतो.

खाणं: वाटेत टपऱ्या बंद असतील असं धरून माणशी एका दिवसाचं जास्तीचं ठेवा. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, भाजक्या पोह्यांचा चिवडा, सगळं न शिजवता खाता येणारं, माणशी ४०० ग्रॅमभर. गूळ वेगळ्या डबीत, पावसाळी हवेत तो पाझरतो आणि चिवडा मऊ पडतो.

पाणी झऱ्याचं थेट नको. पावसाळ्यात ते गढूळ असतं आणि गढुळात क्लोरीनची गोळी नीट काम करत नाही, माती तिला खाऊन टाकते. आधी तुरटी दोन-तीनदा फिरवून पाणी निवळू द्या, वरचं पाणी कापडातून गाळा, मग पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी टाकून अर्धा तास थांबा.

लाइट जाते आणि तिच्यामागे टॉवर. दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक दोघांत पुरे. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि एसटीच्या वेळा कागदावर लिहून घ्या.

गावदवाखाना · बुधवार, सायंकाळी ६.१५

तीन गोष्टी, ज्या पावसाळी बेतात कुणी धरत नाही.

पहिली, स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात याची साथ आली होती. उंच गवतातल्या माइटच्या बारीक अळीच्या चाव्याने होतो. गवतावर थेट बसू नका, ताडपत्रीचा तुकडा अंथरा. पँट मोज्यात खोचा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर कपडे बदलून अंग धुवा. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतात फिरून आलोय’ हे न विचारता सांगा आणि काख, जांघ, कमरेचा पट्टा इथे काळी खपली आहे का बघा. वेळेवर कळला तर डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येतो. उशीर झाला तर जड जातो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, तेही सांगायचं.

दुसरी, साप. बिळात पाणी शिरलं की ते कोरड्या जागेला येतात, म्हणजे तुम्ही जिथे झोपणार तिथेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक असतात, खूण दिसतही नाही, वेदनाही फारशी नसते. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं असं झालं तर तो मण्यारीचा दंश समजून निघा. धर्मशाळेत खाली झोपायची वेळ आली तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. दंश झाला तर घट्ट आवळपट्टी नाही, कापाकापी नाही. तो अवयव न हलवता १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. वर असाल तर चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, खाली असाल तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. रस्ता बंद असताना मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

तिसरी, वीज. संथ झडीत ती कमी असते. उकाडा होऊन दुपारी ढग उभे राहिले की सावध व्हा. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत. गडाचा तट, एकटं झाड, तलावाचा काठ सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पाठीवर_घर (आर्वी) · गुरुवार, दुपारी ३.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारचं बुलेटिन आलं. पट्ट्याचा मार्ग मध्य प्रदेशातूनच दाखवलाय, अमरावतीचा शनिवार ऑरेंज कायम, रविवार यलो, सोमवारी अमरावतीला इशारा नाही. बुलढाण्याला शनिवारी यलो. बैतूललाही शनिवारी ऑरेंज.

मुक्तागिरी आणि नरनाळा दोन्ही काढले. मंगळवारची रजा मिळाली. नवा बेत: शुक्रवारी बडनेऱ्याहून रेल्वेने शेगाव, मुक्काम भक्तनिवासात. शनिवारी खामगाव-मेहकरवरून लोणार, मुक्काम तिथे. रविवारी परत शेगाव, रेल्वेने बडनेरा, रात्री परतवाडा. सोमवारी पहिल्या एसटीने चिखलदरा आणि गाविलगड, मुक्काम वर. मंगळवारी सकाळी खाली उतरून आर्वी. तंबू आणि शेगडी काढली, सॅक आठ किलोवर आली. यात कुठे चुकतंय?

सपन_काठ · गुरुवार, सायंकाळी ५.२०

बेत आता जमलाय, दोन दुरुस्त्या.

लोणारला शनिवारी विवरात उतरू नका. भिंत दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, उतरायच्या वाटा सुट्या मुरमाच्या आणि मातीच्या, यलोच्या पावसात त्या निसरड्या होतात. विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद आहे, कडेवरून पूर्ण दिसतं. दिवस गावातल्या दैत्यसूदन मंदिराला द्या. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम पावसाने धुतल्यावर उठून दिसतं, कोरड्या दिवसात तेच धुळीने मळलेलं असतं. शनिवारी सकाळी बुलढाण्याचा रंग यलोवरून चढला असेल तर लोणार सोडून शेगावलाच थांबा, रेल्वे हाताशी राहील.

रविवारी लोणारहून नऊच्या आत निघू नका, साडेआठला इशाऱ्याचा नवा दिवस सुरू होतो, त्याचा रंग वाचून निघा. पण दहाच्या पुढेही जाऊ नका, कारण आसेगावची पूर्णा उजेडात ओलांडायची आहे. मोठी नदी डोंगरी नाल्यासारखी दोन तासांत उतरत नाही. वरचा सगळा पाऊस तिच्यात उशिरा पोहोचतो, म्हणून ऊन पडल्यावरही दिवसभर चढती राहू शकते. अमरावतीला पोहोचल्यावर डेपोत ‘परतवाड्याची गाडी परत आली का’ विचारा. नसेल आली तर अमरावतीतच मुक्काम करून सोमवारी पहाटे निघा, गाविलगड तरीही होतो.

ढगांची_नोंद · गुरुवार, रात्री ८.००

गाविलगडाबद्दल एवढंच जोडतो. ऑगस्टात आतलं गवत कमरेइतकं असतं आणि तलावांचे काठ त्यात पूर्ण बुडतात. दरवाजांची मळलेली वाट सोडून तटाकडे आडवं जाऊ नका, विशेषतः धुकं दहा-पंधरा मीटरवर आलं की. चौघांनी एकामागून एक, पुढच्याची सॅक दिसेल एवढ्या अंतराने. पुढे अनुभवी, शेवटीही अनुभवी, नवे दोघं मधे. कुठे पोहोचलात याचा विचार न करता दुपारी तीनला परत फिरा.

घाई करू नका म्हणतो त्याला जुना दाखलाही आहे. १८०३ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला तोफा ओढत गडाच्या उत्तरेकडच्या लबाडा गावापर्यंत न्यायला ७ ते १२ डिसेंबर एवढे दिवस लागले होते, आणि ते कोरड्या मोसमात. १५ डिसेंबरला गड पडला. तुम्ही चिखलदऱ्याकडून त्याच उत्तर बाजूने आत जाणार आहात.

खरपी_फाटा · गुरुवार, रात्री ८.४५

परतवाड्यात रात्री पोचले का आधी स्टँडवर जाऊन सोमवारची पयली चिखलदरा गाडी कोणत्या वाटेनं जाणार हाये ते इचारून ठेवा, धामणगाव गढीवरून का घटांगवरून. सकाळी फलाट बदलते आणि गाडी निघून जाते.